गिऱ्हाइकाकडे तोंड केलेल्या बरण्या

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना लंडन दाखवायला नेतो. त्यात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम असतंच. वरच्या मजल्यावरच्या मातीच्या भांड्यांच्या दालनापर्यंत मात्र फारसं कुणी पोचत नाही. तोवर पाय बोलायला लागलेले असतात आणि चहाची वेळ झालेली असते. जे पोचतात ते पांढऱ्यावर निळ्या अक्षरांच्या त्या जुन्या औषधी बरण्यांकडे बघून "लोणच्याच्या बरण्या दिसताहेत" म्हणतात आणि पुढे जातात. मला हे निरीक्षण अगदीच चुकीचं वाटत नाही. निदान त्यात बरणीला बरणी म्हटलेलं असतं. संग्राहक आणि लिलाववाले तिच्याकडे निळ्या नक्षीचा शोभेचा नग म्हणून बघतात: निळा किती गडद, देवदूताचे पंख किती रेखीव, कडेचा टवका किती मोठा. या बरण्यांवर लिहायचं ठरवलं ते या दृष्टीबद्दल माझी तक्रार आहे म्हणून. माझ्या मते ही भांडी आधी वाचायची वस्तू आहे आणि मग बघायची. कुणाला वाचता यावी म्हणून ती केली होती, हा प्रश्न विचारल्याशिवाय तिची समीक्षा पुरी होत नाही.

आधी भांड्याविषयी थोडं. माती साधी, पिवळट, सच्छिद्र. तिच्यावर शिशाची झिलई. शिशाची झिलई काचेसारखी पारदर्शक असते, खालची माती दाखवते. तिच्यात कथलाचं ऑक्साइड, साधारण पाच ते दहा टक्के, मिसळलं की त्याचे बारीक कण काचेत न विरघळता तसेच राहतात, प्रकाश विखुरतात आणि झिलई दुधासारखी पांढरी होते. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात तेही कथीलच. दोन्हींत रसायन वेगळं, हेतूत मात्र नातं आहे: आतलं झाकून वर पांढरं, स्वच्छ दिसणारं अंग द्यायचं. ही युक्ती नवव्या शतकात इराकच्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठी काढली. तिथून ती स्पेनमध्ये, इटलीत आणि मग अँटवर्पला गेली. अँटवर्पला ती नेणारा गुइदो हा इटालियन कुंभार. त्याच्याच घराण्यातला यास्पर आंद्रीस, याकोब यान्सेन नावाच्या सोबत्याबरोबर, धर्मछळाला कंटाळून १५६७ च्या सुमारास इंग्लंडात नॉर्विचला आला. १५७० मध्ये या दोघांनी राणी एलिझाबेथकडे लंडनमध्ये थेम्सकाठी धंदा करू द्यावा म्हणून अर्ज केला. पुढच्या वर्षी यान्सेन आल्डगेटला होता. दोघे काय बनवत त्याची जी जुनी नोंद आहे तिच्यात फरशीच्या टाइल्सच्या जोडीला औषधवाल्यांची भांडी आहेत. म्हणजे इंग्लंडातल्या या सगळ्या कलेची सुरुवातच निर्वासितांनी केलेल्या टाइल्सनी आणि औषधाच्या बरण्यांनी झाली. आपल्यापैकी ज्यांनी या देशात कसले ना कसले अर्ज केले आहेत त्यांना त्या अर्जाचा सूर ओळखीचा वाटेल: आमच्याकडे असं कसब आहे जे इथे कुणाकडे नाही, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे.

म्हणूनच या भांड्यांना सरसकट 'डेल्फ्टवेअर' म्हणणं मला खटकतं. डेल्फ्ट गावाचा या धंद्यातला बोलबाला झाला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. इंग्लिश कुंभारवाडे त्याआधीचे. सुरुवातीचे लंडनकर त्यांना 'गॅलीवेअर' म्हणत आणि औषधाच्या लहान भांड्याला 'गॅलीपॉट'. पुढे आलेलं नाव मागच्याला चिकटवलं की वस्तूचा इतिहास उलटा वाचला जातो.

अपॉथेकरी म्हणजे औषध कुटणारा, करणारा आणि विकणारा. इंग्लंडात हे लोक किराणा-मसालेवाल्यांच्या संघात मोडत. १६१७ मध्ये राजा पहिला जेम्स याच्या सनदेने त्यांचा वेगळा संघ झाला. त्या संघाच्या मानचिन्हात मधे सर्पासुराला मारणारा अपोलो, दोन बाजूंना एकशिंगी घोडे आणि वर गेंडा. हा गेंडा आपला आहे म्हटलं तरी चालेल. १५१५ मध्ये ड्यूररने गेंड्याचं जे प्रसिद्ध चित्र केलं, त्याच धाटणीतला हा. ड्यूररने तो प्राणी स्वतः पाहिला नव्हता, कुणाचं तरी पत्र आणि रेखाटन यांवरून काढला. पण खरा गेंडा गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला होता आणि गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला होता. औषधवाल्यांच्या दुकानात लटकवलेल्या मातीच्या गोळीपाटांवर हे मानचिन्ह निळ्यात रंगवलेलं दिसतं. गोळ्या वळण्यासाठी म्हणून केलेले हे पाट बऱ्याचदा अजिबात झिजलेले नाहीत आणि वर टांगण्यासाठी भोकं आहेत. ते कामासाठी होते की भिंतीसाठी, हे मग फारसं विचारावं लागत नाही. बरण्यांकडे वळण्याआधी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बरण्या दोन जातींच्या. कोरड्या किंवा घट्ट औषधांच्या उभट, तोंडाशी बाहेर वळलेली कड असलेल्या. त्यांना झाकण नसे. तोंडावर चामड्याचा किंवा चर्मपत्राचा तुकडा टाकून कडेखाली दोरी बांधत. पातळ औषधांच्या गोल पोटाच्या, खाली बैठक, पुढे नळीसारखी तोटी आणि मागे कान. दोन्हींवर औषधाचं नाव भाजतानाच पक्कं केलेलं. पहिलं अक्षर औषधाचा प्रकार सांगतं: एस म्हणजे सिरप, यू म्हणजे मलम, ओ म्हणजे तेल, सी म्हणजे कॉन्झर्व, ई म्हणजे इलेक्चुअरी. पुढे नाव, लॅटिनमध्ये, आणि तेही जागेअभावी तोडलेलं.

आता तोटीच्या बरणीकडे नीट बघा. लेबल तोटीच्या खाली असतं. म्हणजे फळीवर ठेवल्यावर तोटी आणि लेबल दुकानाकडे, कान भिंतीकडे. आयुष्याची वीस-बावीस वर्षं मी, माणसं वापरतात त्या प्रणालींच्या पुढच्या बाजूवर काम करण्यात घालवली आहेत. मला ही रचना पाहून पहिल्यांदा नवल वाटलं. ओतणाऱ्याच्या सोयीने बघितलं तर नाव बाजूला हवं किंवा कानाच्या अंगाला हवं, म्हणजे हातात धरल्यावर आपण काय ओततो आहोत ते दिसेल. तोटीखाली नाव म्हणजे ओतून झाल्यावर पाकाचा जो ओघळ यायचा तो नेमका अक्षरांवरून. बरणी काढायची तर भिंतीकडचा कान चाचपायचा. कुणी म्हणेल, दुकानदारही फळीसमोरच उभा राहतो, त्यालाही नाव समोरून दिसतं. खरं आहे, आणि ही ठेवणही इंग्लिश कुंभारांची नव्हे, ती युरोप खंडातून वारशाने आली. पण पुढे अठराव्या शतकात अशा अनेक बरण्यांचा कान गळून पडतो, आणि तोटी, लेबल, नक्षी मात्र कायम राहतात. कारागीर काय टाकतो आणि काय ठेवतो यावरून त्याच्या लेखी कशाला महत्त्व होतं ते कळतं. बरणीचं तोंड गिऱ्हाइकाकडे होतं.

आणि गिऱ्हाइकाला ती वाचता येत नव्हती. माझ्या मते या भांड्यांचा खरा विषय हा आहे. फळीभर मोठ्या ठळक अक्षरांत, सुंदर चौकटीत, देवदूतांनी आणि पक्ष्यांनी उचलून धरलेली नावं समोरच्या माणसाला दाखवायची, पण कळू द्यायची नाहीत. वाचता न येणारं लेबल निरुपयोगी असतं असं आपण धरून चालतो. इथे ते न वाचता येण्यातच त्याचा उपयोग आहे. भीती, आदर आणि विश्वास या तिन्ही गोष्टी एकदम उत्पन्न करणारी ती अक्षरं आहेत.

त्या काळात हे कुणाला खुपलंच नाही असं नव्हे. लंडनच्या वैद्यांच्या कॉलेजने १६१८ मध्ये अधिकृत औषधसंहिता लॅटिनमध्ये काढली आणि औषधवाल्यांनी तिच्याप्रमाणेच औषधं करावीत असा हुकूम निघाला. निकोलस कल्पेपर या, औषधवाल्याकडे उमेदवारी केलेल्या माणसाने १६४९ मध्ये ती संहिता सरळ इंग्रजीत आणून छापली, वर टीकाटिप्पणीही जोडली. कॉलेज खवळलं. शास्त्र लोकभाषेत आणणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको. कल्पेपर १६५४ मध्ये सदतिसाव्या वर्षीच वारला, पण पुस्तकं खपत राहिली. गंमत अशी की पुस्तक इंग्रजीत आलं तरी बरण्या लॅटिनच बोलत राहिल्या. नावं लपवलेली बरण्यांची मोठी परंपरा नेमकी त्याच्याच पिढीपासून इंग्लंडात बहरते. एका बाजूला घरोघर इंग्रजी औषधपुस्तक, दुसऱ्या बाजूला दुकानात आणखी मोठं लॅटिन. मला हा योगायोग वाटत नाही, पण सिद्ध करता येईल असा दावाही मी करत नाही.

थोडा वेळ ही लॅटिन नावं उघडून बघू, कारण आत आपल्याला ओळखीची माणसं भेटतात. 'सी: रोसार: रुब:' म्हणजे तांबड्या गुलाबाच्या पाकळ्या साखरेत कुटून केलेलं कॉन्झर्व, अर्थात गुलकंद. इलेक्चुअरी म्हणजे आपला अवलेह, च्यवनप्राशाच्या जातीचा. त्यांतला फार खपणारा 'ई: लेनिटिव्ह:', सौम्य रेचक. त्यात सोनामुखी, बहाव्याच्या शेंगेतला गर, चिंच, ज्येष्ठमध, सुके आलुबुखार. चिंचेचं इंग्रजी नावच मुळी अरबीतल्या 'हिंदचा खजूर' या अर्थाच्या शब्दांवरून आलेलं. आजीच्या हातचं रेचक आणि लंडनच्या दुकानातली, देवदूतांनी मढवलेली बरणी यांच्यात फरक उरतो तो एका चौकटीचा. 'डायाकोडियन' या भारदस्त नावाखाली खसखशीच्या बोंडांचं सिरप होतं. मुलांना झोपवायला आणि खोकल्याला. 'ऑक्सिमेल' म्हणजे मध आणि व्हिनेगर. इथे मात्र इंजिनिअर म्हणून माझी भिवई वर जाते. व्हिनेगर आम्ल, झिलई शिशाची. शिशाच्या झिलईतून आम्लाने शिसं सुटतं. किती, ते झिलईच्या मिश्रणावर आणि भाजणीवर अवलंबून. बरणीच्या पोटावर जे नाव नव्हतं असा एक घटक त्या औषधात बरणी स्वतःच घालत होती.

नाव भाजून पक्कं करण्याचा प्रकार कसा होता तेही पाहण्यासारखं आहे. भांडं एकदा भाजायचं. मग झिलईच्या पातळ लगद्यात बुडवायचं. पाणी माती शोषून घेते आणि वर कोरड्या भुकटीचा थर बसतो. रंगवायचं या भुकटीवर. कुंचला टेकला की थर रंग पिऊन टाकतो. खोडता येत नाही, पुसता येत नाही, पुन्हा गिरवलं तर डाग दिसतो. मग दुसरी भाजणी, हजार अंश सेल्सियसच्या आसपास. त्या उष्णतेत टिकणारे रंग मोजकेच: कोबाल्टचा निळा, मँगनीजचा जांभळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा. निळा सगळ्यांत भरवशाचा म्हणून बरण्यांत निळ्याचं राज्य. लिहिणारा कुंभारवाड्यातला कारागीर, त्याला लॅटिन येत असण्याचं कारण नाही. अक्षरांची चित्रं म्हणून तो ती उतरवत होता. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका खूप, आणि त्याही कायमच्या. मला या चुका फार आवडतात. सुबक देवदूत शंभर बरण्यांवर एकाच ठशातले. अडखळलेल्या अक्षरात मात्र एक माणूस दिसतो, ज्याला आपण काय लिहितो आहोत ते कळत नाही आणि तरी हात थरथरू न देता लिहायचं आहे.

(मातीबद्दल एक ओळ टाकल्यावाचून राहवत नाही. नुसत्या स्थानिक मातीवर ही झिलई नीट बसत नाही, निवताना भेगाळते. चुनखडीची माती थंड होताना जास्त आकसते आणि झिलईला दाबाखाली ठेवते. काच दाबाखाली मजबूत असते. म्हणून नॉरफोक-सफोकची चुनखडीयुक्त माती जहाजाने लंडनला, अगदी हॉलंडलाही जात असे. औष्णिक प्रसरणाचा गुणांक हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी हे गणित सुटलेलं होतं.)

पक्क्या नावाची एक किंमत आहे. बरणी टिकते, औषध बदलतं. लंडनच्या संहितेच्या १६५०, १६७७, १७२१, १७४६ आणि १७८८ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या. लेनिटिव्हच्या घटकांची यादी मधल्या काळात बरीच छाटली गेली, पण फळीवरचं नाव तेच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे रोजचं आहे: फंक्शनचं नाव जुनं, आतला मजकूर तिसऱ्यांदा बदललेला, आणि बाहेरून हाक मारणारा बेफिकीर. साठाहून अधिक घटकांचं, सापाचं मांस आणि अफू घातलेलं थेरियाक हे त्या काळचं सर्वरोगहारी महाऔषध. त्याच्यावर विल्यम हेबर्डन या वैद्याने १७४५ मध्ये पुस्तिका लिहून घणाघाती टीका केली. तरी १७४६ च्या आवृत्तीतून ते गेलं नाही, गेलं १७८८ मध्ये. त्याच्या नावाच्या बरण्यांनी मग काय करायचं? नाव पुसता येत नाही. शोभेची वस्तू होणं हा त्यांच्यापुढे एकच मार्ग होता.

नाव बरोबर असेल तरी आत तेच आहे कशावरून, हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही पडत होता. औषधवाल्यांच्या संघाला लंडनच्या सात मैलांच्या टापूत दुकानं तपासण्याचा आणि खराब माल नष्ट करण्याचा अधिकार सनदेतच होता. बरणीच्या शब्दावर विसंबून कुणी राहिलं नाही, हे त्यातून दिसतं. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधला भुकेकंगाल अपॉथेकरीही फळीवर रिकाम्या डब्या पसरून दुकान भरलेलं दाखवतो. आपल्या घरच्या लोणच्याच्या बरणीवर नाव नसतं, कारण घालणारी आणि वाढणारी एकच असते. नाव लिहावं लागतं ते अनोळखी माणसाशी व्यवहार असतो तेव्हा.

आता नक्षीकडे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली इंग्लिश औषधी भांडी साधी आहेत: निळे, जांभळे, नारिंगी पट्टे, कधी चौकटी, शब्द नाहीत. शतकाच्या मध्याला लेबल येतं. एका जुन्या प्रकारात पट्टीच्या दोन टोकांना माणसांची तोंडं आहेत आणि तोंडात चिलमीसारखं काही. संग्राहक त्याला 'पाइप ओढणारा' म्हणतात. मग पंख पसरलेला देवदूत, मग पक्षी आणि फळांची परडी, पुढे मोर, शिंपले, गुबगुबीत बाळं. कौशल्य वाढत जातं यात वाद नाही. पण मी जितक्या बरण्या पाहिल्या त्यांत उत्तरेकडच्या काळाकडे जाताना डोळा आधी बाळावर जातो आणि मग नावावर. पाइपवाल्या लेबलात चौकट अक्षरांची चाकर आहे. बाळांच्या लेबलात अक्षरं चौकटीची चाकर आहेत. बाजारात कोण महाग, हा वेगळा विषय. माझं मत पाइपवाल्याच्या बाजूचं.

हा बदल का झाला याचं कारण मला कलेत दिसत नाही, धंद्यात दिसतं. सतराव्या शतकाच्या अखेरीला वैद्य आणि औषधवाले यांच्यात जुंपली होती. औषधवाल्याने रोगी तपासून सल्ला द्यावा की नुसतं चिठ्ठीप्रमाणे औषध द्यावं? कॉलेजने १६९८ मध्ये स्वतःचा दवाखाना काढून गरिबांना औषधं द्यायला सुरुवात केली. विल्यम रोझ नावाच्या औषधवाल्यावर खटला झाला. १७०४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल रोझच्या बाजूने दिला. तेव्हापासून औषधवाला व्यवहारात वैद्यच झाला. दुकान हे त्याचं सल्ल्याचं ठिकाण झालं आणि मागची फळी त्याची पदवी झाली. आपणही दवाखान्यात शिरल्यावर डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवरच्या चौकटी वाचतो की बघतो? त्या चौकटीत शोभेल अशी बरणी कुंभारांनी त्याला दिली. मागणीप्रमाणे पुरवठा. कुंभारांचा दोष नाही.

इटलीतल्या बरण्यांशी तुलना केली तर इंग्लिश बरणी गरीब दिसते. तिथे बरणीच्या पोटावर पूर्ण चित्रं, चेहरे, कथा. इंग्लिश झिलई कधी निळसर, कधी गुलाबी झाक मारणारी, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची, कडेला हमखास उडालेली. पण त्या गरिबीमुळेच मधली रिकामी पांढरी जागा राहते, आणि ती जागा इंग्लिश बरणीची खरी मिळकत आहे. ब्रायोनी हडसन यांनी रॉयल फार्मास्युटिकल सोसायटीच्या संग्रहावर २००६ मध्ये पुस्तक केलं. एखाद्या वाचनालयात मिळालं तर एका बैठकीत पानं उलटून बघावीत. ओळीने इतक्या बरण्या पाहिल्या की नक्षी विरघळते आणि नावं उरतात.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेजवुडचं हलकं, टणक, न टवकणारं क्रीम रंगाचं भांडं आलं. घासलेल्या बुचांच्या काचेच्या बाटल्या आल्या. शतक संपता संपता इंग्लंडातले कथलाच्या झिलईचे कारखाने बंद होत गेले.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त रस वाटतो तो ज्या भांड्यांना संग्रहालयात खालची फळी मिळते त्यांच्यात. मलमाचे लहान गॅलीपॉट, मुठीत मावणारे. लंडनमध्ये कुठेही पाया खणला की जुन्या शौचकुंडांत आणि उकिरड्यांत ते सापडतात. मोठी बरणी दुकानात राहायची. हा गिऱ्हाइकाबरोबर घरी जायचा. बरणीतून खरवडून काढलेलं मलम यात भरायचं, बाहेर वळलेल्या कडेखाली दोरीने कापड बांधायचं, पैसे घ्यायचे. त्यावर देवदूत नाही, लॅटिन नाही, बहुतेक वेळा काहीच नाही. काय आहे आणि कुठे लावायचं ते दुकानदार तोंडाने सांगायचा, अर्थात इंग्रजीत. मलम संपलं की लोक तो फेकून देत. तळाला अजून चाकावरून तारेने कापल्याच्या रेघा दिसतात.